तिसरा आरसा

६ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद घे, माझ्याकडे भरपूर शिल्लक आहेत. तुझं पत्र दुकानातच फोडलं आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्धं वाचून दाखवलं. त्याच्या तोंडावर फेस होता, त्यामुळे बिचाऱ्याला हूं की चूं करता आलं नाही. असा श्रोता मिळायला नशीब लागतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माणूस पिकायला लागतो तो कानाजवळच्या कल्ल्यांपासून. मग हनुवटी, मग डोकं, आणि भुवया सगळ्यांत शेवटी. निदान माझ्या खुर्चीत तरी हाच क्रम आहे. आता तू म्हणशील, तुझं काय? माझ्या भुवया अजून काळ्या आहेत, एवढंच सांगतो.

इकडची मोठी बातमी म्हणजे दुकानात तिसरा आरसा आला. समोरचा मोठा होताच. पाठीमागचा लांबट होता, गिऱ्हाइकाला स्वतःची मान दिसावी म्हणून. हा तिसरा दाराशेजारी, जरा तिरका लावलाय. भागीदार म्हणतो, आणखी एक लावलास तर लोक दाढी करायला आलेत की हरवलेत तेच कळणार नाही.

बाकी माझी मान धरली आहे. दोन-तीन महिने झाले, काळजीचं काही नाही. तीस वर्षं लोकांच्या डोक्यावर वाकून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? शिंप्याचे डोळे जातात, मास्तरांचा घसा जातो, आमची मान जाते. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं शटर अर्धं ओढून एकमेकांची दाढी करतो, डोकं चोळतो आणि शेवटी मान मोडतो, हे तुला ठाऊक आहेच. भागीदार हनुवटी धरून असा झटका देतो की दोन्ही बाजूंनी कटकन वाजतं, आणि मग दोन दिवस स्वर्ग. अख्ख्या रस्त्यात आमचं दुकान त्यावरच चालतं. दाढी लोक कुठेही करून घेतील, पण मान मोडायला आमच्याकडेच येतात.

तर या वेळचा माझा प्रश्न. तू दिवसभर इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढतेस. हे कटकन वाजतं ते नक्की काय? हाड का? आणि हाड असेल तर ते रोज वाजून संपत कसं नाही?

तुझा दादा

१७ जानेवारी

प्रिय दादा,

हाड नाही रे. दोन हाडं जिथं भेटतात तिथं सांध्यात थोडं तेलकट पाणी असतं. सांधा एकदम ताणला की त्या पाण्यात हवेची पोकळी होते, आणि तिचा आवाज येतो. म्हणजे तीस वर्षं तू लोकांच्या मानेतले बुडबुडे वाजवून पैसे घेतोस. संपत नाही याचं कारण थोड्या वेळानं ती हवा परत पाण्यात विरते.

पण ऊठसूट मोडून घेऊ नकोस. मान म्हणजे बरणीचं झाकण नव्हे. मेंदूकडून हातापायांकडे जाणारी सगळी दोरी त्या बोटभर बोळातून जाते.

आमच्याकडे यंत्राची नवी खोली झाली. भिंतीत शिशाचा पत्रा, दाराला शिशाचा पत्रा, आणि गार इतकी की पेशंट आधी थरथरतात आणि मग मी सांगते, हलू नका. काल एक म्हातारे म्हणाले, ‘बाई, आधी खोलीला सांगा.’

तिसऱ्या आरशाबद्दल अभिनंदन. पन्नाशीत माणसाला आपला चेहरा तिन्ही बाजूंनी बघावासा वाटतो, हे लक्षण बरं नव्हे. वहिनीला सावध करते. माझा प्रश्न हाच: त्या तिसऱ्या आरशात तू बघतोस तरी काय?

धाकटी

२ फेब्रुवारी

धाकटे,

माझा चेहरा बघायला एक आरसा पुरतो, आणि तोही जास्त होतो. तिसऱ्यात मी दार बघतो. कोण आलं, कोण गेलं, कोण गर्दी बघून परत फिरलं. पूर्वी प्रत्येक वेळी वळावं लागायचं. आता हात चालू, डोळे आरशात. इतकी सोय झाली की मी चौथाही लावला, वीतभर लहानसा, डाव्या फळीकडे. म्हणजे पावडर कुठं, ब्रश कुठं, न वळता दिसतं. तीस वर्षं हे सुचलं कसं नाही याचंच नवल वाटतं.

घरात मात्र महाभारत झालं. माझ्या शर्टांच्या कॉलरी आटल्या, एकूण एक. वरचं बटण लागेना. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, गरम पाण्यात का भिजवतेस? ती म्हणाली, कॉलर आटली आणि बाकीचा शर्ट का नाही आटला? आणि खरंच, अंगात तो शर्ट गोणपाटासारखा लोंबतोय. विजार तर पट्ट्यावरच जगते आहे. माणूस वाळला आणि गळा जाड झाला, असं कुठं असतं का? शेवटी मी बटण सोडून द्यायला लागलो आणि तह झाला.

मानेचा स्वर्ग आता दोन दिवस टिकत नाही, एका दिवसात उतरतो. म्हणून भागीदार आता आठवड्यातून दोनदा मोडून देतो. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलंय. म्हणाले, धंद्याचा ताण आहे. संध्याकाळी जरा कणकण असते, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन झोपतं. पाणी कोमट आहे का गरम ते डाव्या हातानं बघतो. वय आहे, चालायचंच.

आता प्रश्न. वय वाढलं की घसा अरुंद होतो का? कोरडा घास हल्ली मधेच थांबतो, गिऱ्हाइकासारखा दारात उभा राहतो आणि आत येत नाही.

दादा

९ फेब्रुवारी

दादा,

काल फोनवर ओरडले त्याबद्दल क्षमा मागणार नाही. दुकानात सगळ्यांना ऐकू गेलं असं वहिनी म्हणाली. बरं झालं, भागीदारालाही ऐकू गेलं असेल.

तुझं पत्र तीन दिवस माझ्या पिशवीत होतं. वाचून हसले होते, कॉलरीची गोष्ट मैत्रिणीला सांगितलीसुद्धा. काल सकाळी एक बाई फोटोला आल्या. मी मागून हाक मारली तर त्या मान न वळवता खांद्यांसकट अख्ख्या वळल्या, दरवाजा फिरतो तशा. मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, ‘आता सवय झाली, मला त्रास वाटतच नाही.’ आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझे आरसे आले. तुला दार बघायचं नव्हतं रे. तुला वळता येत नव्हतं. प्रत्येक न जमणाऱ्या वळणाला तू एकेक आरसा ठोकलास, आणि मला सोय म्हणून लिहून कळवलंस, आणि मी त्यावर थट्टा केली. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. तुझ्या मानेला चार लागले आणि तरी कुणाला दिसलं नाही.

फोनवर जे सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण फोनवर तू फक्त ‘बरं बरं’ करतोस. एक, मानेला कुणीही हात लावायचा नाही. भागीदार नाही, मालीशवाला नाही, तू स्वतःही नाही. दोन, मोठ्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टरांकडे उद्याच जा. जाताना मानेला कडक पट्टा घाल, आणि गाडी खड्ड्यातून उडवू नका. डॉक्टरांना मान दुखते एवढंच सांगू नकोस. ताप सांग, वजन सांग, घास सांग, बोटं सांग. तुझी सवय आहे, दुखणं सांगताना चार विनोद सांगायचे आणि मुद्दा घरी ठेवून यायचा.

काय असेल ते मला ठाऊक नाही. मी फोटो काढते, वाचणारे वेगळे. घास अडतो आणि गळा जाड होतो याचा अर्थ मानेच्या आत, घशाच्या मागे काहीतरी साचलंय असा असू शकतो. ते काय आहे हे बघायलाच जायचं.

या पत्रात प्रश्न नाही. उत्तर दे.

धाकटी

२१ फेब्रुवारी

ताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मी, म्हणजे दुकानातला भागीदार, लिहितो आहे. दादा उताणे पडले आहेत, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आहेत, आणि त्यांना लिहायची मनाई आहे. ते सांगतील ते मी उतरवणार. कंसात लिहीन ते माझं.

‘धाकटे, तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं सांगितलं, एकही विनोद केला नाही.’ (दोन केले. मोठे डॉक्टर हसलेही.) ‘आधी साधा फोटो काढला. मग मला एका नळीत सरकवलं. आत असा ठोकाठोकीचा आवाज की जणू शेजारी लोहार राहायला आलाय. हलायचं नाही म्हणाले. मी म्हटलं, बाबांनो, मी आयुष्यभर दुसऱ्यांना हलू नका म्हणत आलो, माझी पाळी कधीतरी येणारच होती.’ (हे म्हणाले नाहीत. आत्ता सुचलंय.)

‘फोटोत पाचवा आणि सहावा मणका उंदरानं कुरतडल्यासारखे दिसतात. पुढच्या बाजूला पिशवी भरली आहे, पुवाची असावी म्हणतात. ती मागून अन्ननलिकेला दाबते म्हणून घास अडायचा, आणि बाजूला उतरली म्हणून कॉलर आटायची. तुझ्या वहिनीची जाहीर माफी मागितली. काल यंत्रात बघत बघत मानेत लांब सुई घातली, पू काढला, हाडाचा कणही काढला. आता तो तपासताहेत. कसला आहे ते कुणी सांगत नाही. माझा प्रश्न असा, की हे पोखरणारं जनावर कोणतं? तुला काय वाटतं ते सांग. खरं सांग.’

(ताई, दादांना झोप लागली. आता माझं लिहितो. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, मान कोण मोडायचं? मी म्हटलं, मी. त्यांनी फोटो माझ्यासमोर धरला. त्या दोन मणक्यांमधून दोरी जाते, ती तिथं चेपली आहे. त्या दिवसापासून मला दुकानात कुणाच्या हनुवटीला हात लावता येत नाही. दाढीसाठी लावावा लागतो तेव्हा थरथरतो. माझा प्रश्न एकच आहे. हे माझ्या हातानं झालं का?)

२५ फेब्रुवारी

दादा आणि भागीदार, दोघांना,

आज सकाळी तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, वहिनीनं फोटोही पाठवले. तुम्हाला निकाल काल कळलाच असेल, तरी मी माझ्या पद्धतीनं सांगते.

दादा, जनावराचं नाव क्षयाचा जंतू. तोच, छातीतला. लोकांना वाटतं तो फक्त खोकल्यात राहतो. तो रक्तातून कुठेही जाऊन बसतो आणि मणका त्याला आवडतो. पाठीच्या मणक्यात तो जास्त दिसतो, मानेत कमी. तेव्हा तू दुर्मिळ आहेस, हे वहिनीला सांगून मिरवू नकोस, तिनं आजवर पुष्कळ सहन केलंय.

ओळखला कसा? फोटोवरून शंका येते. दोन शेजारी मणके खाल्लेले आणि मधली मऊ चकतीसुद्धा गेलेली, असं दिसलं की जंतूंचा संशय घ्यायचा. कर्करोग बहुतेक वेळा चकतीला सोडून देतो. पण फोटो म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून सुई. सुईतल्या पुवावर हल्ली एक तपासणी करतात. ती काही तासांत जंतूची ओळख सांगते, आणि मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही तेही सांगते. तुझ्या जंतूला लागू पडतं. हाडाच्या कणातही तेच दिसलं. उरलेला पू वाढायला ठेवलाय, त्याला काही आठवडे लागतील. तोवर थांबायचं नाही, औषध लगेच सुरू.

आता भागीदार, तुमच्यासाठी. नाही. हे तुमच्या हातानं झालं नाही. जंतू तुम्ही आणला नाही, हाड तुम्ही कुरतडलं नाही. पण खोटंही बोलणार नाही. अशा पोखरलेल्या मानेला झटका देणं म्हणजे वाळवी लागलेल्या खांबावर धक्का मारणं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दादा खुर्चीतून उठलेच नसते. देव तारी त्याला कोण मारी, एवढंच म्हणायचं. तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून, त्यांना बरं वाटावं म्हणून केलंत. हे दादांसाठीही लिहिलंय, त्यांनी ऐकून घ्यावं.

छातीचा फोटो स्वच्छ आहे, थुंकीत काही नाही. म्हणजे दादाकडून कुणाला लागण होणार नाही. रस्त्यावर कुणी काही बोललं तर हे सांगायचं, मोठ्यानं.

धाकटी

३० मार्च

धाकटे,

स्वतःच्या हातानं लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय आहे, पण कोंबडी माझी आहे.

घरी येऊन दोन आठवडे झाले. हनुवटीपासून छातीपर्यंत कडक पट्टा. त्यात मी इतका ताठ दिसतो की गल्लीतली पोरं मला साहेब म्हणायला लागली. सकाळी उपाशीपोटी चार प्रकारच्या गोळ्या, वर नसांसाठी एक जीवनसत्त्वाची. पहिल्या दिवशी लघवी शेंदरी झाली आणि मी तुझ्या वहिनीला हाक मारून सांगितलं, आता संपलं. तिनं गोळ्यांबरोबरचा कागद वाचला आणि म्हणाली, संपलं नाही, सुरू झालं. रक्त तपासतात, डोळेसुद्धा तपासतात. लाल-हिरवं नीट दिसतं का विचारतात. मी म्हटलं, फेस पांढरा दिसला की आमचं भागतं.

खरी गोष्ट आता. डॉक्टर ऑपरेशनचं बोलत होते, पुढून गळा उघडून सडलेलं काढायचं आणि कंबरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा. मग म्हणाले, हाताची ताकद थोडीच गेली आहे, पाय शाबूत आहेत, तर औषध आणि पट्ट्यावर थोडं बघू. दर आठवड्याला ते मला बोटं आवळायला लावतात. ताकद वाढली तर ठीक, घटली तर ऑपरेशन. मी रोज सकाळी तुझ्या वहिनीचं बोट आवळून बघतो. ती रोज ‘कालच्यापेक्षा जास्त’ म्हणते. तिचा चेहरा बघून मला काही कळत नाही, आणि ती खोटं बोलते का हे विचारायची भीती वाटते.

एक तुला लिहिलं नव्हतं. जानेवारीतच वस्तरा माझ्या हातून एकदा सुटला होता. गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला, मिटलेला होता म्हणून निभावलं. मी हसून म्हटलं, साबणामुळे घसरला. साबण लावायचाच होता अजून. धाकटे, मला मरणाची एवढी भीती वाटली नाही. हा अंगठा परत येणार नाही याची वाटते. दुसरं मला काय येतं?

म्हणून मन दुसरीकडे लावतो आणि एकच विचार करतो: हा माझ्यात शिरला कधी? तीस वर्षं मी लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन उभा आहे. कितीजण खोकले असतील! मी आणि भागीदार बसून आठवतो. तो पोस्टमन खोकायचा, तो बँडवाला खोकायचा. पत्ता लागेल का?

दादा

११ एप्रिल

प्रिय दादा,

पत्ता लागायचा नाही. हा जंतू कधीतरी श्वासातून आत जातो आणि वर्षानुवर्षं गप्प झोपतो. तुझ्यात तो दहा वर्षांपूर्वी शिरला असेल, किंवा आपण दोघं आजोळी एका पांघरुणात झोपायचो तेव्हाही. पोस्टमनला सोडून दे. बिचारा सिगारेटीनं खोकत असेल.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. तुझं आलंही मुंगीच्याच पावलांनी, म्हणून तर ऐकू आलं नाही. तेव्हा जायला वेळ लागणारच. वर्षभर तरी गोळ्या आहेत, डॉक्टर म्हणतील तर जास्त. दोन-तीन महिन्यांत तुला एकदम छान वाटेल, भूक लागेल, शर्ट भरतील, आणि तू म्हणशील, आता कशाला? तोच दिवस धोक्याचा. अर्धवट मारलेला जंतू पुन्हा उठला तर हीच औषधं त्याला लागू पडतील असं नाही.

तू एक सांगितलंस, मीही एक सांगते. माझ्या पत्रातलं कर्करोगाचं वाक्य आठवतं? ते वाक्य मी तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं. ८ फेब्रुवारीला फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात तेच होतं, आणि निकालापर्यंत मी तेच धरून बसले होते. चकती गेलेली दिसली तेव्हा मी यंत्राच्या खोलीत जाऊन रडले. चकती गेली म्हणून आनंदानं रडणारी या इस्पितळात मी पहिलीच असेन.

वहिनी म्हणते, तू पट्टा काढून एक दाढी केलीस. पट्ट्यात मान खाली होत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही, हे तुझं कारण. मान्य. पण मान खाली जात नसेल तर गिऱ्हाईक वर येऊ दे! तुझी खुर्ची वर-खाली होते ना? आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तेही नको. हातात वस्तरा धरायची घाई कशाची आहे? तुझ्या अंगठ्याच्या मागं लागू नकोस, तो लाजाळू आहे.

प्रश्न: वहिनी खोटं बोलते का?

धाकटी

१९ ऑगस्ट

धाकटे,

वहिनी खोटं बोलत होती. मे महिन्यापर्यंत. मग एके सकाळी मी बोट आवळलं तर तिनं ‘आई गं’ म्हटलं आणि हात झटकला. मी म्हटलं, नाटक पुरे. तिनं बोट दाखवलं, अंगठीचा वळ उठला होता. त्या दिवशी आमच्याकडे दोघंही रडलो, आणि नंतर ती वळावर मलम लावून सगळ्या शेजाऱ्यांना दाखवत फिरली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं नाव तूर्त नको. नव्या फोटोत पुवाची पिशवी आटली आहे, दोन्ही मणके एकमेकांना धरून जुळायला लागलेत.

कडक पट्टा गेला, मऊ आला. डॉक्टरांच्या परवानगीनं सकाळी दोन तास दुकानात जातो. खुर्ची इतकी वर चढवतो की गिऱ्हाईक म्हणतं, इथून माझं घर दिसतं. भागीदार खालून सगळं सांभाळतो.

माझ्या मानेचा फोटो मी समोरच्या आरशाच्या दिव्यापाशी लावलाय. गिऱ्हाईक आलं की दिवा लावतो आणि दाखवतो, हा पाचवा, हा सहावा, इथं चकती होती. सुरुवातीला दोन-तीनजण समोरच्या दुकानात गेले होते, लागण होईल म्हणून. त्यातला एक फोटो बघायला म्हणून आला आणि दाढी करून गेला. कुतूहल भीतीपेक्षा चिवट असतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

खाली भागीदारानं स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: ‘येथे मान मोडून मिळणार नाही.’ परवा एक जुना पैलवान आला आणि हट्टाला पेटला, नुसती डावी बाजू तरी मोडा. भागीदारानं त्याला विचारलं, ताप येतो? वजन उतरलं? हात झोपतो? पैलवान म्हणाला, ‘अहो, मी दाढीला आलोय की भरती व्हायला?’ पण गेला तो सरळ डॉक्टरांकडे. काही निघालं नाही. भागीदाराला इतका आनंद झाला की त्यानं त्याची दाढी फुकट केली.

धंदा थोडा उतरला. मान मोडायला येणारे येत नाहीत. चालेल.

चौथा आरसा काढला. तिसरा अजून आहे. डॉक्टर म्हणतात, दोन मणके जुळून एक झाले तरी वळण्याचं बरंचसं काम वरचे मणके करतात, हळूहळू येईल. पण इतके महिने वळलो नाही, तर आता वळायची भीतीच बसली आहे. दारात पाऊल वाजलं की डोळे आपोआप आरशात जातात. प्रश्न असा, की हाड जुळतं, पण भीती कोणत्या फोटोत दिसते?

तू ये एकदा. तू आमच्या दारात येऊन वर्षं झाली.

दादा

४ एप्रिल

प्रिय दादा,

काल तुमच्याकडून घरी पोचले. गाडीत झोप लागली नाही, म्हणून हे लगेच लिहिते.

वहिनीनं दिलेला डबा अर्ध्या वाटेतच संपला. तिला सांग, तिच्या बोटाचा वळ मला दिसला नाही, पण मी दिसला असं म्हटलं. आणि गोळ्या संपल्या म्हणून दोघं नाचू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना फोटो काढायला जायचंच.

भागीदारांबद्दल एक सांगायचं राहिलं. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून त्यांनी तुझी दाढी केली तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते, तुम्ही दोघं मला विसरला होतात. दाढी झाली, डोकं चोळून झालं. मग त्यांनी सवयीनं तुझी हनुवटी एका हातात घेतली आणि दुसरा हात मानेमागं ठेवला. मी बाकावरून अर्धी उठले. त्यांनी काही केलं नाही. नुसते हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ, आणि मग टॉवेलनं मान पुसली. तू डोळे मिटून बसला होतास. त्यांचे हात थरथरत नव्हते, हे तुला दिसलं नसेल म्हणून कळवते.

आता तुझ्या ऑगस्टच्या प्रश्नाचं उत्तर. इतके दिवस ते माझ्याकडे नव्हतं. भीती कोणत्याच फोटोत दिसत नाही. पण गेलेली दिसते. मी आले त्या दुपारी मुद्दाम आवाज न करता दारात उभी राहिले. तुझ्या तिसऱ्या आरशात मी पुरी दिसत होते, पिशवीसकट. तू एकाची दाढी करत होतास. आरशात आपली नजर भेटली. मला वाटलं, तू तिथूनच हसशील आणि हात चालू ठेवशील.

तू वस्तरा मिटून ठेवलास. त्या माणसाला म्हणालास, हलू नका. आणि माझ्याकडे वळलास.

मी फोटोवाली आहे, दादा, मी बघत होते. आधी मान वळली. खांदे जागेवरच होते.

धाकटी